एक पाऊल अलीकडे

तुमच्या छातीत पाणी झालंय असं कोणी नुकतंच सांगितलं असेल आणि तुम्ही पलंगावर पडून छताकडे बघत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही. मी फुटबॉलची रेफ्री आहे आणि पोटापाण्यासाठी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात आलेला माल तपासते. माझ्या छातीत पाणी झालं होतं, ते टीबीचं निघालं, आणि आता ते नाही. मधल्या काळात मला श्वास दिसला. खरोखर डोळ्यांनी दिसला. तो कुठे दिसला, ते पुढे सांगतेच.

पायांचा गर्व

रेफ्री म्हणजे शिट्टी फुंकणारं माणूस, असं लोकांना वाटतं. खेळाडूला दम लागला तर तो कमरेवर हात ठेवून घटकाभर उभा राहू शकतो. रेफ्रीला ती सोय नाही. एका लाथेत चेंडू अर्ध्या मैदानापार जातो आणि तो पडेल तिथे आपण आधीच पोचलेलं असावं लागतं. सामन्याला नऊ-दहा किलोमीटर सहज होतात. त्यात उलटं धावणंही आलं, कारण आपण पाठ फिरवली की नेमकं तेव्हाच कोणीतरी कोणाचा तरी शर्ट ओढतं.

म्हणून दरवर्षी आमची परीक्षा असते. आधी चाळीस मीटरच्या सहा वेगधावा. मग मैदानाभोवती दहा फेऱ्या: पंचाहत्तर मीटर धाव, पंचवीस मीटर चाल, परत धाव, परत चाल, अशा एका फेरीत चार धावा. शिट्टी वाजली की निघायचं आणि पुढची शिट्टी वाजायच्या आत रेघ गाठायची. पंचाहत्तर मीटरला पंधरा सेकंद. एकदा रेघ चुकली तर ताकीद, दुसऱ्यांदा चुकली तर बाहेर. बायकांना वेळ थोडा जास्त मिळतो. पण पुरुषांचे सामने घ्यायचे असतील तर पुरुषांच्या वेळेत धावावं लागतं, आणि मला पुरुषांचेच सामने हवे होते. दोन वर्षं मी त्या वेळेत पास झाले होते. माझं वय छत्तीस. पायांचा मला फार गर्व होता, हे कबूल करते.

मला या नादाला लावलं सलीमभाईंनी. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, छोटा कारखाना आहे. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. सलीमभाई रेफ्री झाले तेव्हा त्यांना हाताच्या खुणा शिकवाव्या लागल्या नाहीत. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून त्यांचा हात वाचता येतो. बावीस वर्षं शिट्टी वाजवून आता ते रेघेवर झेंडा घेऊन उभे राहतात.

खेळ चालू

आमच्या खेळात एक नियम आहे. फाउल झाला, पण खेळ थांबवून ज्याच्यावर फाउल झाला त्याचंच नुकसान होणार असेल, तर रेफ्री शिट्टी वाजवत नाही. दोन्ही हात पुढे करून ओरडतो, ‘ॲडव्हान्टेज, चालू द्या.’

मी माझ्या शरीराबाबत महिनाभर तेच केलं. संध्याकाळी कणकण यायची. उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की टोचायचं. कपडे सैल झाले. फाउल मला दिसत होता. पण परीक्षा दोन महिन्यांवर होती, थांबले तर माझंच नुकसान होतं, म्हणून मी हात पुढे केले. तापाची गोळी घ्यायची आणि धावायला जायचं. दम पुरत नाही म्हणजे सराव कमी पडतोय, असं म्हणून मी सराव वाढवला. दुसऱ्या कोणी इतका मूर्खपणा केला नसता. बाकीची माणसं आजारी पडली की झोपतात.

आई म्हणाल्या, “गोदामातली धूल गेली असंल पोटात.” आई म्हणजे माझ्या सासूबाई. सलीमभाई म्हणाले, “कारखान्यात बसतेस ना चहा प्यायला, कापूस गया होगा अंदर.” ज्याला जी धूळ ठाऊक, त्याने ती पुढे केली.

मग अंबाडी गावात सामना होता. उत्तरार्धात एका संघाने अचानक लांब पास मारला आणि सगळे दुसऱ्या गोलकडे धावले. मी निघाले, पण पाय पुढे आणि मी मागे. पेनल्टीच्या चौकटीत बचावपटूने समोरच्याला सरळ पाडलं. मी ते अर्ध्या मैदानावरून पाहिलं, शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. नुसती हवा निघाली.

“मॅडम, वाजवा ना,” कप्तान हात पसरून माझ्याकडे येत होता.

मी परत फुंकली. पुन्हा तेच. आणि मी गवतावर बसले. झेंडा टाकून सलीमभाई रेघेवरून आत आले, माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि इतकंच म्हणाले, “बस. अब मैं बजाता हूँ.” त्यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. पेनल्टी मिळाली की नाही, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

अर्धा फोटो

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. माझा नवरा महेश टेम्पो चालवतो. त्या दिवशी त्याने गाडी काढली नाही, तेव्हाच मला भीती वाटायला लागली.

डॉक्टर बाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी फोटो उजेडावर लावला. डावीकडे काळं, बरगड्या स्वच्छ. उजवीकडे खालून वर अर्ध्याहून जास्त सगळं पांढरं.

“इथलं फुफ्फुस कुठे गेलं?” मी विचारलं.

“आहे तिथेच आहे. पाण्याने दाबलंय त्याला. तुम्ही काम काय करता?”

“धावते.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. महेशने परीक्षेचं, सामन्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी फोटोतल्या काळ्या बाजूवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस तुम्ही जवळजवळ एकाच फुफ्फुसावर धावत होतात. त्याचं कौतुक करायला हवं. तुमचं नाही हं, त्या फुफ्फुसाचं.”

टीबी हा शब्द त्यांनी दोन दिवसांनी उच्चारला, तपासण्या आल्यावर. माणूस अशा वेळी काय विचारतो, याबद्दल मी खूप ऐकलं होतं. मी विचारलं, “परीक्षेपर्यंत होईन का बरी?” महेश बाहेर जाऊन उभा राहिला. नंतर तो एवढंच म्हणाला की परीक्षेबद्दल विचारण्याआधी मी त्याच्याबद्दल, घराबद्दल काहीतरी विचारायला हवं होतं. त्याचं बरोबर होतं, आणि आम्ही आठवडाभर धड बोललो नाही.

गोळ्या सहा महिने, असं उत्तर होतं. म्हणजे त्या वर्षीची परीक्षा गेली आणि पुरुषांच्या सामन्यांच्या यादीतून माझं नाव गेलं. परत यायचं तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पंधरा सेकंदांत यायचं होतं.

बाटली

पाणी बरंच होतं, म्हणून बरगड्यांमधून नळी घातली आणि ती पलंगाखालच्या बाटलीत सोडली. दुखतं. दुखत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण दुसऱ्या दिवशी मी वाकून बाटलीकडे बघितलं आणि बघतच राहिले. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. मी श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढायचं, सोडला की खाली उतरायचं. मी थांबले की तेही थांबायचं.

छत्तीस वर्षं हे आत चालू होतं. मी झोपलेली असताना, भांडताना, माल मोजताना. मी पायांना तेल चोळलं, बुटांवर जीव टाकला, पोटऱ्या आरशात बघितल्या. याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. देवळात कधी वाटलं नाही असं काहीतरी त्या बाटलीपुढे वाटलं आणि हात जोडावेसे वाटले. सुई टोचलेली होती म्हणून जोडले नाहीत.

शेजारच्या पलंगावर सोनीबाई होत्या, अंबाडीच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या, मजुरीला जाणाऱ्या. त्यांनाही नळी, त्यांनाही बाटली. मी माझ्या बाटलीत डोळे घालून बसलेली बघून त्या म्हणाल्या, “यो आपला जीव हाय बाय. आपुन सांगत न्हाय, तरी चालतो.”

हॉस्पिटलात वेळ कसा जातो, ते सांगते. सकाळी ताप बघतात, मग गोळ्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरू नका. मी मनात म्हटलं, पिवळं कार्ड ऐकलं, लाल ऐकलं, हे नवीनच निघालं. मग श्वासाचा व्यायाम. प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्यांत तीन छोटे चेंडू असतात. तोंडात नळी धरून हवा ओढायची आणि चेंडू वर उचलायचे. बावीस पुरुषांना आणि एका चेंडूला ताब्यात ठेवणारी मी पहिल्या दिवशी एक चेंडूसुद्धा उचलू शकले नाही. सोनीबाईंनी तिसऱ्या दिवशी दोन उचलले आणि तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचा दम डोंगर चढून कमावलेला होता. माझा दुसरा चेंडू पाचव्या दिवशी हलला. हलला फक्त, वर गेला नाही. तरी सिस्टरने वॉर्डभर सांगितलं. इतकं कौतुक माझं सामन्यानंतर कधीच झालेलं नाही, तिथे शिव्याच पडतात.

ताट

घरी आले तर माझं ताट वेगळ्या फळीवर होतं. माझ्या लग्नात माहेरून आलेलं, वडिलांचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट. आईंनी भांड्यांतून नेमकं तेच निवडलं होतं. वर एक पेला उपडा घातलेला.

माझा टीबी दुसऱ्यांना लागणारा नव्हता. थुंकी तपासली होती, घरातल्यांचीही तपासणी झाली होती, डॉक्टरांनी महेशला दोनदा समजावलं होतं. त्याने आईंना सांगितलं.

“डाक्टरला काय, ती सांगते आन् घरी जाते,” आई म्हणाल्या.

मी चिडले. ताटात जेवायला हरकत नव्हती, पण वडिलांच्या नावाकडे बघून वाटायचं की मला माहेरी धाडून दिलंय, फक्त भिंती सासरच्या आहेत. चार दिवसांनी मी तोंडावर विचारलं, “आई, एवढी किळस येते का माझी?”

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता बोलल्या. “माजी बहीन याच्यानंच गेली. तवा गोल्या नव्हत्या आमच्या गावान. तिला गोठ्यात ठेवलेली. मी लांबून ताट सरकवाची, काठीनं. ती बोलाची, जवल ये. मी न्हाय गेली.”

माझा राग तिथेच गेला.

पुढच्या तपासणीला आई स्वतः आल्या. डॉक्टर बाईंच्या समोर बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, “मना सांगा. माज्या पोराला सांगू नका, मना सांगा.” त्या बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. आईंनी कागद घडी घालून कमरेला खोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी फळी रिकामी होती. बघते तर वडिलांच्या नावाचं ताट आईंच्या पुढ्यात, त्या भात कालवत होत्या.

“माजा ताट घे तू,” त्या म्हणाल्या. “जेव. गार व्हते.”

मी रडले. मनसोक्त रडायलाही दम लागतो, तो पुरला नाही, म्हणून लवकर थांबावं लागलं.

फुंकणी

तिसऱ्या महिन्यात चालायची परवानगी मिळाली. घरापासून गोदामाच्या फाटकापर्यंत कंटेनरच्या रांगेच्या कडेने गेले आणि वाटेत दोनदा टेकले. एकेकाळी हे अंतर मी उलटं धावत कापलं असतं. घरी येऊन व्यायाम करायला बसले. ओठ चिमटीसारखे करून श्वास हळू सोडायचा, मेणबत्ती फुंकल्यासारखा, असं शिकवलं होतं.

आई बघत होत्या. “मेनबत्ती कशाला?” त्यांनी माळ्यावरून फुंकणी काढली. चुलीत विस्तव फुलवायची लोखंडी नळी, गॅस आल्यापासून पडून होती. “यात सोड. घेतलास त्याच्या दुप्पट सोडाचा. सोडला का घेनं आपोआप व्हते.”

“तुम्हाला कोणी शिकवलं?”

मग त्या बोलायला लागल्या. त्या नवी सून म्हणून आल्या तेव्हा वळच्या बायका गवताचे भारे डोक्यावर घेऊन भिवंडीच्या तबेल्यांत विकायला जायच्या. “भारा उचलला का धावल्यावानी चालाचा. हलू चाललास तर ओजा जास्ती जड व्हते. मंग वाटंवर ओजा टेकवाचा दगड यायचा. तिथं बसाचा न्हाय. बसली ती ऱ्हायली. भारा टेकवाचा, उब्यानं फुंकनीवानी दम सोडाचा, आन् परत उचलाचा. पाय न्हाय दमत पोरी, दम दमते.”

धाव आणि चाल, धाव आणि चाल. ही बाई माझी परीक्षा माझ्या जन्माआधीपासून देत होती. डोक्यावर भारा, पायात काही नाही, आणि तिला कोणी कधी पास केलं नव्हतं. मी दहा वर्षं तिच्या घरात राहून तिला माझ्या बुटांची किंमत सांगत होते.

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. गोदामामागे ट्रक लावायची मोकळी जागा आहे, सकाळी रिकामी असते. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिथे चुन्याने रेघा मारल्या. आधी दहा पावलं धाव, मग वीस. चालताना ओठ चिमटीत, दुप्पट सोडायचा. सहा महिन्यांच्या गोळ्या एकही न चुकवता संपल्या. फोटो काढला तर उजवी बाजू काळी, तळाशी एक पुसट रेघ तेवढी राहिलेली. तिन्ही चेंडू वर जायला लागले. रोज सकाळी शिट्टी फुंकायची आणि ती वाजली की मी मनात दचकायचे, आनंदाने.

दहा फेऱ्या

परीक्षेला आई आल्या. सलीमभाईही आले आणि दोघं कुंपणाजवळ उभे राहिले. सहा वेगधावा निघाल्या. मग फेऱ्या सुरू झाल्या. मी पुरुषांच्या गटात, एकटीच बाई.

पहिल्या सहा फेऱ्या मला आठवतसुद्धा नाहीत, इतक्या सहज गेल्या. सातव्या फेरीत शिट्टी वाजली तेव्हा मी रेघेच्या अलीकडे होते. झेंडा वर गेला. ताकीद. आठवीत सावरले. पंचवीस मीटरच्या चालीत फुंकणी आठवायची, सोडायचा, सोडायचा, घेणं आपोआप. आणि ते खरोखर आपोआप व्हायचं. अर्धी पाण्यात बुडालेली ती बाजू उघडत होती, मला ती आतून कळत होती. मी धावत होते आणि मला नवल वाटत होतं, दोन्ही एकदम.

नवव्या फेरीच्या तिसऱ्या धावेत शिट्टी वाजली तेव्हा माझा पाय रेघेवर नव्हता. एक पाऊल अलीकडे. रेघेवरचा माणूस माझ्या पुढच्याचा नंबर लिहीत होता. झेंडा वर गेला नाही. माझ्यामागे कोणी नव्हतं. मी चालायला लागले. आता पाच धावा उरल्या होत्या आणि त्या माझ्यात होत्या, मला माहीत होतं.

मी खूप विचार करून काही केलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. माझा हात वर गेला, मैदानात जातो तसाच. परीक्षक आले.

“काय झालं?”

“सर, मागच्या रेघेला मी पोचले नव्हते. एक पाऊल कमी होतं.”

त्यांनी रेघेवरच्या माणसाकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. “मॅडम, तुमची एक ताकीद आधीच झालीय.”

“माहीत आहे सर.”

मी बाहेर आले. फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. कुंपणापलीकडून सलीमभाईंनी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं. लूमवरची खूण आहे ती. धागा तुटलाय, जोडून घे.

रेघ

धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा मिळाली. ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आईंनी विचारलं, “कोनी बगितला तुला?”

“कोणी नाही.”

“मंग?”

“मी बघितलं, आई. मागच्या वर्षी माझ्या अंगात फाउल झाला तोही मीच बघितला होता. तेव्हा शिट्टी वाजवली नाही.”

रिक्षा सुटली आणि वळच्या फाट्यापर्यंत आली. उतरताना आई म्हणाल्या, “किती ऱ्हायला?”

“एक पाऊल.”

“येवडाच?” त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, बरगडीच्या त्या जागेकडे, जिथे नळी होती. “गेल्या वर्साला तू मोरीपरेंत जात नव्हतीस.”

फेरपरीक्षा दोन महिन्यांनी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रकच्या जागेवर गेले तर आई माझ्या आधी तिथे होत्या. पंचाहत्तर मीटरच्या रेघेवर, हातात फुंकणी घेऊन. शिट्ट्या फोनवर वाजतात, त्यांना फक्त रेघ बघायची असते. पाय कमी पडला की फुंकणी वर. मी म्हटलं, आई, थोडं चालतं, पहिलाच दिवस आहे. “रेग म्हंजी रेग,” त्या म्हणाल्या. इतकी कडक रेफ्री मी आमच्या जिल्ह्यात पाहिलेली नाही.

पहिल्या दिवशी फुंकणी चार वेळा वर गेली. नंतर तीनदा, मग परत चारदा, मग एकदा. आज सकाळी दहाव्या फेरीची शेवटची शिट्टी वाजली, मी रेघेपलीकडे जाऊन थांबले, ओठ चिमटीत धरून दुप्पट श्वास सोडला आणि मागे वळून बघितलं. फुंकणी खालीच होती.